अर्धलीचा कोंबडा

घरापुरत्या कोंबड्या पाळायच्या तर कुठली जात घ्यावी, असं मला लोक विचारतात. मी आता उत्तर देत नाही. विचारणाऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघून आधीच ठरवलेलं असतं, त्याला फक्त समोर मान डोलावणारं माणूस हवं असतं. या विषयावर मला मान डोलावता येत नाही. माझं डोकं फिरतं.

आमच्या घरात चुली दोन आणि अंगण एक. एका चुलीवर मी, दुसरीवर माझी धाकटी जाऊ. आमचं गाव डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्याकडेला. पण मी मूळची वरची, धरणाच्याही वरच्या वाडीतली, जिथं एसटी तिच्या मनात आलं तर येते. जाऊ पारगावची. कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी, उसातली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला माझं सगळंच बारीक दिसायचं. माझा तांदूळ बारीक, माझ्या भाकऱ्या बारीक, आणि कोंबड्या तर फारच बारीक. "ताई, ह्या कोंबड्या हायेत का चिमण्या?" असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. सगळे हसले. आमचे हेसुद्धा दात काढून हसले, ते माझ्या अजून लक्षात आहे.

त्या कोंबड्या माझ्या आईच्या. लग्नात आईनं भांड्यांबरोबर एक काळी कोंबडी आणि एक तांबडा कोंबडा पाटीत घालून दिला होता. पुढं त्यांची पिलं, पिलांची पिलं, असं चालत आलं. आई कोंबडी ठेवताना वजन बघायची नाही. घार वर आली की कोण पिलांना पंखाखाली घेतं आणि कोण एकटीच पळून जाते, एवढं बघायची. पळणारी कापायची, राहणारी ठेवायची. असं तिनं आयुष्यभर केलं, म्हणून त्या कोंबड्या तशा होत्या. अंगानं लहान, रंगानं भलत्याच, पण अंड्यांवर बसल्या की मुंगूस आलं तरी उठायच्या नाहीत.

आई गेली. माझ्या वहिनीनं वर्षसुद्धा होऊ दिलं नाही, सगळं खुराडं विकलं आणि मोठ्या जातीची पिलं आणली. म्हणजे आईच्या कोंबड्यांची वेल आता जगात फक्त माझ्याकडं उरली होती. हे मी एकदा जावेला बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आता तुमीबी बदला की, ताई. किती दिवस जुनं धरून बसणार?" अशी बाई.

वाद सुरू झाला तो अंड्यांवरून. जावेच्या पोरांना शाळेत जाताना रोज अंडं पाहिजे, आणि माझ्या कोंबड्या तर थोडी अंडी घालून खुडूक व्हायच्या. खुडूक म्हणजे अंडी घालायचं बंद करून त्यांच्यावर बसायची हुक्की येते ती. जावेच्या मते हा आळस. मग दीर आणि ती संध्याकाळी ओट्यावर मोबाईल घेऊन बसू लागले. गिरिराज बघितली, वनराज बघितली, मधेच कडकनाथ बघितला. त्याचं मटण काळं असतं म्हटल्यावर आमच्या सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. आम्ही दोघी सासूबाईंना आत्या म्हणतो. आत्या म्हणाल्या, "काळं खायला काय घरात सुतक हाय?" कडकनाथ बाद झाला. माझं मत कुणी विचारलं नाही. मी शेजारीच तांदूळ निवडत बसले होते, भिंत नव्हते.

मी आपणहून बोलले. म्हणाले, "कोंबड्या कुठल्याही आणा, माझी हरकत नाही. पण त्या जातीचा कोंबडा आणायचा नाही."

"का बरं?" जाऊ म्हणाली.

का ते मी तिला सांगितलं, आणि अगदी सरळ सांगितलं. अंगणात कोंबड्या दहा तऱ्हेच्या असल्या तरी चालतात, पण पिलं सगळी कोंबड्यावर जातात. मोठा कोंबडा एकदा का माझ्या कोंबड्यांत फिरला की पुढची पिलं जाड पायाची, जड अंगाची निघणार, आणि त्यांच्या पिलांना अंड्यांवर कसं बसायचं तेच कळणार नाही. त्या मोठ्या जातीची कोंबडी अंडं टाकते आणि निघून जाते. मागं वळून बघत नाही. दोन-तीन पिढ्यांत माझ्या आईची कोंबडी संपेल, आणि कापली नाही, विकली नाही, तरी संपेल.

आमचे हे म्हणाले, "एवढं काय त्यात, दोन्ही पाळा." पुरुषांची समजूत काढायची ही पद्धत मला ठाऊक आहे. दोघींना हो म्हणायचं आणि चहा मागायचा.

जावेनं ऐकलं तर नाहीच. आठच दिवसांत तिचा भाऊ ओतूरच्या बाजारातून गोणीत घालून कोंबडा घेऊन आला, बरोबर चार कोंबड्या. गोणी सोडली आणि ते धूड बाहेर पडलं. तांबूस-पिवळा, पाय माझ्या मनगटाएवढे, तुरा एका बाजूला पडलेला. चालताना धापा टाकायचा. जाऊ कौतुकानं म्हणाली, "बघा ताई, याला म्हणत्यात कोंबडा." मी म्हणाले, "याला म्हणतात खाटकाची सोय." तिच्या भावासमोर बोलले. तिच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या आजतागायत झोंबताहेत, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

माझा कोंबडा त्या धुडाच्या निम्मा. पण तो पहिल्याच सकाळी त्याच्या अंगावर गेला. मी ओट्यावर उभी राहून बघत होते, देवाशपथ सांगते, मनातून त्याला म्हणत होते, फाड त्याला. फाडलं नाही. त्या जाड्यानं नुसतं अंग टाकलं आणि माझा खाली दबला. डोळ्यापाशी रक्त आलं. अंगणातल्या उंबराच्या झाडावर चढून बसला तो संध्याकाळपर्यंत खाली उतरेना. आमच्याकडं अंधार पडायच्या आत माणूस काय, कुत्रंसुद्धा घरात घ्यावं लागतं, बिबट्या कालव्याच्या उसातच असतो. मी शिडी लावून, काटक्या टोचून घेऊन तो कोंबडा उतरवला. जाऊ खालून म्हणाली, "ताई, जपून, पडाल." तो आवाज काळजीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी धरणावर गेले. तिथल्या मासेमारी करणाऱ्यांकडून एक फाटकं जाळं आणलं. घरामागं परसात मेढी रोवल्या, जाळं बांधलं आणि माझ्या कोंबड्या नि माझा कोंबडा आत घेतला. पुढचं अंगण तिला, मागचं परस मला. जिंकले म्हणाले मी.

पण आत्यांना ते जाळं सहन होईना. "चुली फुटल्या ते बघितलं. आता अंगणबी फोडता का? रस्त्यानं जाणारं माणूस काय म्हणंल?" रोज सकाळी दात घासताना त्या जाळ्यासमोर उभ्या राहायच्या आणि हेच म्हणायच्या. मी म्हणायचे, "आत्या, जाळं कोंबड्यांना आहे, माणसांना नाही." त्या म्हणायच्या, "कोंबड्या काय स्वतः बांधून घेत्यात व्हय?" त्यांचं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांना जाळं दिसत होतं, मला त्याच्या आत माझी आई दिसत होती. दोघींचं जमणार कसं?

होळीच्या सुमाराला एक गंमत झाली. गंमत म्हणजे तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. माझी काळी खुडूक झाली, मी तिच्याखाली अंडी घातली. दुसऱ्या दिवशी तिला पाणी द्यायला उचललं तर खाली माझ्या बारक्या पांढुरक्या अंड्यांत चार ढोबळी तपकिरी अंडी. जावेच्या कोंबड्या बसत नाहीत ना! मग पिलं कुठून काढायची? तर ताईच्या आळशी कोंबडीखाली. जाळ्याची गाठ सोडून, अंडी सरकवून, गाठ पुन्हा मारून गेली होती. माझ्यासारखी गाठसुद्धा मारली होती.

मी ती चारही अंडी काढली. कांदा बारीक चिरला, हिरवी मिरची घातली, झक्क भुर्जी केली आणि आत्यांना ताटलीत नेऊन दिली. आत्या म्हणाल्या, "ग्वाड हाय गं. कुणाची अंडी?" मी मोठ्यानं म्हणाले, "धाकटीनं दिली, तिच्याकडं लई होतात." जावेला पलीकडं ऐकू गेलं. त्या दिवशी तिच्या चुलीवरची भांडी जरा जोरात वाजत होती.

काळीनं पिलं काढली. वळवाच्या पावसात दोनच जगली, आणि त्याही तलंगाच निघाल्या. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. कोंबडा एकही नाही. म्हणजे माझ्याकडं त्या वेलीचा कोंबडा एकच, तो उंबरावरचा. माझं सगळं त्याच्यावर आलं. त्याला मी स्वतः दाणे घालायचे. कोंबड्या मारणारी मानमोडीची साथ गावात आली तेव्हा त्याला घरात, कोठीच्या खोलीत ठेवला. आमचे हे म्हणाले, "आता आंथरुण टाक त्याला." टाकलंही असतं.

आणि मग आखाड आला.

श्रावण लागला की महिनाभर मटण-कोंबडी बंद, म्हणून आखाडात आमच्याकडं घरोघर पातेली चढतात, लेकी-जावयांना बोलावणी जातात. माझी लेक आणि जावई येणार होते. लग्नानंतरचा त्यांचा पहिला आखाड. गावभर एकच आरडाओरडा असतो, गावठी कोंबडा आहे का, गावठी? वर्षभर मोठ्या जातीची कौतुकं करणारी तोंडं आखाडात बरोबर गावठी शोधत येतात. देवाला गावठी, बाळंतिणीला गावठी, खोकल्याला गावठीचा रस्सा, जावयाला गावठी. आपल्या अंगणातलं धूड पाव्हण्याच्या ताटात वाढायला मात्र लाज वाटते, कारण त्याचा चोथा लागतो. म्हणजे ते पाळायचे आणि माझे खायचे. अशानं कुठली जात उरणार, हे कळायला शाळा लागत नाही.

मी ठरवलं होतं, मटण करायचं. ते दोघं यायचे त्या दिवशी सकाळी मी घोडेगावला गेले, मटण घेतलं, खोबरं घेतलं. जायच्या आधी आत्या म्हणाल्या, "जाळं आज तरी काढ. नवा जावई येतोय, परसात हात धुवायला जाईल. जाळं बघून त्याला वाटंल, ह्या घरात भांडणं हायेत." आमचे हे काढतो म्हणाले. मी म्हणाले, काढा, पण कोंबडा कोठीच्या खोलीत घाला. हो म्हणाले.

परत आले तेव्हा परस मोकळं होतं. जाळं गुंडाळून कुडाला टेकवलेलं. जावेचं धूड माझ्या कोंबड्यांच्या मागं धापा टाकत फिरत होतं. कोठीची खोली रिकामी. माझ्या चुलीपाशी पातेलं, पातेल्यावर ताट झाकलेलं. ताट उचललं तर आत भाजून, साफ करून, हळद-मीठ लावून ठेवलेला कोंबडा. पिसं न्हाणीच्या मोरीत भिजत पडली होती, तांबडी आणि शेपटीची काळी.

जाऊ दारात येऊन उभी राहिली. साडी खोचलेली, हात धुतलेले. म्हणाली, "तुमची धावपळ वाचावी म्हणून भावजींना न विचारता आमच्या ह्यांच्याकडनं कापून घेतला. आवं, पोरगीच फोनवर म्हणली, काकी, ह्यांना गावठी लई आवडतं. जावयाला मटण काय नवीन हाय, ताई?"

मी तिला काय बोलणार? माझ्या लेकीचा नवरा. माझ्या घरचा मान. त्याच्यासाठी कोंबडा कापला म्हणून मी थयथयाट करायचा, आणि लेक दारात पोचलेली असायची? तिनं बरोबर जागा हेरली होती. शिवी द्यायची सोय ठेवली नव्हती. मी म्हणाले, "बरं केलंस." एवढे दोन शब्द बोलायला माझं जेवढं बळ गेलं, तेवढं दोन्ही बाळंतपणांत गेलं नव्हतं.

खोबरं भाजलं, मसाला वाटला, रस्सा केला. मीच. रडले असेन, पण वाटणाच्या वेळी कांद्यावर ढकलता येतं. जावई जेवायला बसला. साधा पोरगा आहे, त्याचा काही दोष नाही. बोटं चाटत म्हणाला, "मामी, काय चव हाय! अशी आता मिळतच नाय कुठं."

मी म्हणाले, "मिळणारही नाही."

सगळे हसले. त्यांना वाटलं मी माझ्या हाताचं कौतुक करतेय. लेकीनं मात्र माझ्याकडं वर बघितलं. तिचा घास हातातच राहिला. जेवणं झाल्यावर ती परसात आली आणि म्हणाली, "आई, तो आज्जीचा व्हता का गं?" मी तिला म्हणाले, "जा, नवऱ्याला पान दे." तिच्याशी चांगलं बोलायला मला त्या दिवशी जमलं नाही.

पण मी काही हात जोडून बसणारी नाही. पिंपातल्या कोंड्यात त्या आठवड्याची अंडी ठेवलेली होती, जाळं निघायच्या आधीची, त्या कोंबड्याची. आणि माझी एक पांढरी कोंबडी त्याच दिवसांत खुडूक झालेली. आखाडाच्या शेवटी अंडी बसवू नयेत, पिलं पावसात गारठतात, असं आई सांगायची. पण आता थांबले तर थांबायला काही उरणार नव्हतं. इथं अंगणात बसवून उपयोग नव्हता. पिलं मोठी झाली की पुन्हा तेच धूड. जाळं तर दिरानं दुसऱ्याच दिवशी मेथीच्या वाफ्यावर टाकलं होतं. गावात दुसरीकडं द्यावं तर घरोघर तीच जात. वहिनीकडं तर नावच नको.

मला एकच घर माहीत होतं जिथं मोठी जात पोचलेली नव्हती. आमच्या वाडीच्या वरच्या टेकाडावरची काकी. नात्यानं लांबची, आणि आईची जन्माची वैरीण.

वैर कशावरून, तर कोंबड्यांवरूनच. आमच्याकडं कोंबडी अर्धलीनं देतात. म्हणजे कोंबडी आणि अंडी एकीची, राखण दुसरीची. पिलं आईपासून तुटली की निम्मी-निम्मी. आईनं या काकीला अशी कोंबडी दिली होती, आणि वाटा आला तेव्हा आई वाडीभर म्हणाली की चांगली चांगली पिलं हिनं ठेवली आणि रोडकी मला दिली. खरंखोटं देव जाणे, पुढं काकीकडची ती पिलंही मानमोडीत गेली. त्यानंतर दोघी एका विहिरीवर पाणी भरत आणि एकमेकींकडं बघत नसत. आईच्या मौतीला काकी आली होती, पण लांब उभी होती.

तिच्याकडं निघाले. भर पावसात, पांढरी डालग्यात, अंडी कोंड्याच्या पिशवीत मांडीवर. धरणापाशी एसटीची वाट बघून बघून कंबर मोडली. आली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, ही कोंबडी पुढं वरडायला लागली तर उतरवीन." मी म्हणाले, "खुडूक आहे, बोलत नाही. तुम्हीही बोलू नका." पुढं फाट्यावरून चिखलात चढ. पिशवी पोटाशी धरलेली. मी माझ्या पोरींनासुद्धा कधी इतकं जपून नेलं नव्हतं.

काकी दारात नाचणी पाखडत होती. बस म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "तुझी आय मला चोर म्हणली व्हती."

"माहीत आहे."

"मंग कशापायी आलीस?"

"दुसरीकडं कुठं जाऊ ते सांग."

तिनं पिशवीत हात घातला, एक अंडं काढून उजेडाकडं धरलं, पुन्हा ठेवलं. कोपऱ्यात पाटीत भाताचं तूस पसरलं, अंडी मांडली, पांढरीला वर ठेवलं आणि डालगं झाकलं. मग म्हणाली, "अर्धल म्हंजी अर्धल. मरतील ती मरतील, माझ्या नावानं बोंब नाय मारायची. आन वाटा घ्यायला तुला यावं लागंल, न्हाईतर मी येईन. पर वाटा तू तुझ्या हातानं निवडायचा. पैला तू, मंग मी. वाडीला कळलं पायजे." चहा दिला तोही कोरा. मी तो पिऊन परत निघाले.

दिवाळी होऊन गेली. माझ्या अंगणात तोवर जाड पायाची पिलं फिरायला लागली होती, माझ्याच काळीची. मी त्यांना दाणे घालत होते, पण कुणाकडं नीट बघत नव्हते. एका बाजारच्या दिवशी काकीच आली. डोक्यावर मोठी पाटी, वर जाळी बांधलेली. ओट्यावर पाटी उतरवली आणि जाळी सैल केली. आत सहा. चार तलंगा, दोन कोंबडे. तलंगांत एक अगदी काळी. कोंबड्यांत एक करडा, जरा मागं पडलेला, आणि एक तांबडा, काळ्या शेपटीचा, मान ताठ. उंबरावरचाच समोर उभा केल्यासारखा.

जाऊ तिच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती. म्हणाली, "सोडा की ताई अंगणात. माझा कोंबडा काय खातोय व्हय त्यांना?"

"खात नाही गं बाई," मी म्हणाले, "तेच तर दुखणं आहे."

मी काकीला बाजूला घेऊन सांगितलं, "सगळी परत ने. माझा वाटा तुझ्याकडंच राहू दे. इथं आणली की संपली."

काकीचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता पाटी पायानं लोटते. "भीक घालतीस? म्हातारपणी वाट तुडवत वाटा घेऊन आले, आन तू परत ने म्हणतीस? वाडी काय म्हणंल? म्हातारीनं हिचाबी वाटा गिळला. तुझी आय मेली, आळ न्हाई मेला. निवड."

तेही खरं होतं. वाटा न घेणं म्हणजे पिलांत खोट आहे असं सांगणं, किंवा राखणारीवर उपकार करणं. दोन्ही तिला चालणार नव्हतं. मी करड्या कोंबड्याला हात घातला. म्हणाले, "मग हा घेते. एवढाच. बाकीचा वाटा पुढच्या पिलांत धर."

तिनं माझं मनगट पकडलं. हात नाही, चिमटाच. "रोडका घेतीस? म्हंजी पुन्हा तेच. चांगला म्या ठेवला आन रोडका तुला दिला. ह्यो घे." आणि तांबड्याकडं बोट केलं.

मला तो तांबडाच वर वाडीत पाहिजे होता. त्या तलंगांवर तोच पाहिजे होता. चार महिने मी त्याच्यासाठीच धीर धरला होता, तो असेल हे ठाऊक नसताना. आणि ही म्हातारी मनगट सोडेना. तिचंही सगळं त्याच्यातच अडकलं होतं. मी त्याला जिवंत ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत अंगणात त्याचे डोळे फुटले असते, आणि फुटले नसते तर पुढच्या आखाडात कुणाचा तरी जावई आलाच असता. परत पाठवला असता तर काकी पुन्हा माझ्या दारात आली नसती, आणि त्या तलंगाही कुणाच्या तरी पातेल्यात गेल्या असत्या. करडा वर जाऊन कोंबडा होईल. रोडका असला तरी आईचाच आहे.

"बस," मी काकीला म्हणाले. "जेवून जा. वाटा तुझ्यासमोर खाते, म्हणजे तर झालं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मनगट सोडलं. "व्हय," म्हणाली. "मंग झालं."

आमचे हे घरी होते. त्यांनी सुरीकडं हात केला तर मी त्यांना म्हणाले, "तुम्ही बाजूला व्हा. तुमचा हात त्या दिवशी कुठं होता?" कोंबडा मीच धरला. पंख पायाखाली दाबले. तो ओरडला नाही, नुसता गरम होता. आईनं वर्षानुवर्षं निवडून निवडून जे राखलं होतं त्यातलं सगळ्यात चांगलं माझ्या हातात होतं, आणि मीच सुरी फिरवली. त्यानंतर मी परसात तोंड धुतलं, पुष्कळ वेळ धुतलं.

काकी पोटभर जेवली. हाडं चोखून ताटाच्या कडेला नीट लावली आणि म्हणाली, "आता बोल वाडीत. वाटा मिळाला म्हणून बोल." मी म्हणाले, बोलेन. मीही जेवले, दुसरा काही मार्गच नव्हता. चव लागली की नाही ते सांगू शकत नाही. मग तिनं पाटीत तलंगा आणि करडा पुन्हा घातला, जाळी आवळून बांधली आणि एसटी चुकंल म्हणून निघाली. निघताना ये म्हणाली नाही, जाते एवढंच म्हणाली.

मी आत येऊन ताटं उचलत होते तर जाऊ माझ्या दारात. हातात वाटी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज खरा होता.

"काय वास सुटलाय, ताई. पोरं इचारत्यात. इवलासा रस्सा हाय का?"

"संपला," मी म्हणाले.

पातेलं चुलीवरच होतं, झाकण बाजूला पडलेलं. निम्मं भरलेलं तिला दिसत होतं.